वाफसा ओळखून पेरणी : बियांपासून घरची भाजी

नवरात्रात घट बसवताना परडीत किंवा पत्रावळीवर शेतातली माती पसरून तिच्यात गहू, जव, मूग, हरभरा असे धान्य पेरण्याची रीत महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत आहे. दसऱ्यापर्यंत ते धान्य वीतभर वाढते आणि त्याचे तुरे टोपीत खोवले जातात. मटकी भिजवून, फडक्यात घट्ट बांधून मोड आणणे हे तर कित्येक स्वयंपाकघरांतले आठवड्याचे काम आहे. म्हणजे ज्याने आजवर कुंडीत एकही भाजी लावलेली नाही, त्यालाही बी रुजवणे अगदीच परके नाही, आणि नवख्या माणसाने सुरुवात या दोन ओळखीच्या गोष्टींपासूनच करावी असे मला वाटते, कारण बी रुजण्याचे बहुतेक सगळे शास्त्र त्यांत आले आहे.

मटकी रात्रभर पाण्यात ठेवली की टपोरी फुगते; पण तिला त्याच पाण्यात आणखी दोन दिवस ठेवले तर मोड येत नाहीत, पाण्याला फेस येतो आणि उग्र वास सुटतो. तीच मटकी सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधली, तर दुसऱ्या दिवशी पांढरेशुभ्र मोड फडक्याच्या विणीतून बाहेर डोकावतात. फरक एवढाच की फडक्यात ओलीबरोबर हवा मिळते. रुजणारे बी श्वास घेत असते, साठवलेले अन्न वापरत असते, आणि त्यासाठी त्याला प्राणवायू लागतो. कुंडीतल्या मातीतही नेमके हेच घडते. घटातले कोंब मात्र पिवळट, लांबलचक आणि एका बाजूला कललेले असतात, कारण देवघरात ऊन नसते. तेव्हा रुजेपर्यंत ओल, हवा आणि ऊब. रुजल्यावर लगेच भरपूर प्रकाश, हा क्रम मनात पक्का करून पुढे जावे.

आपल्या शेतकऱ्यांकडे यासाठी एक नेमका शब्द आहे, वाफसा. पाऊस किंवा पाणी दिल्यानंतर जास्तीचे पाणी निचरून गेले, मातीच्या कणांभोवती ओल राहिली आणि कणांमधल्या पोकळ्यांत पुन्हा हवा शिरली, की जमीन वाफशावर आली असे म्हणतात. ती चिखल नसते आणि कोरडीही नसते. वाफसा ओळखण्याची रीत सोपी आहे. बोटभर खोलीवरची माती मुठीत घेऊन दाबावी. मूठ उघडल्यावर बोटांना चिखल लागला किंवा पाणी सुटले तर माती जास्त ओली आहे. लाडू बांधलाच गेला नाही तर ती कोरडी आहे. आणि लाडू बांधला गेला, पण अंगठ्याने हलके टोचताच भुसभुशीत फुटला, तर पेरणीची वेळ झाली. पहिल्या वर्षी बागेतले दुसरे काही जमले नाही तरी चालेल, पण ही परीक्षा हाताला सवयीची झाली पाहिजे.

कधी आणि काय पेरावे

पहिल्या पेरणीसाठी दसऱ्यानंतरचा काळ सर्वांत सोयीचा आहे. पाऊस उघडलेला असतो, ऊन सौम्य झालेले असते, कीड तुलनेने कमी असते आणि मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, टोमॅटो, वांगी या सगळ्यांना ही हवा मानवते. पुणे, नाशिक, सातारा, अहिल्यानगर अशा पठारावरच्या भागांत ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत या पेरण्या उरकाव्यात. कोकणात आणि गोव्यात भात कापणीनंतर, जमिनीत ओल शिल्लक असताना वाल, मुळा, लाल माठ हे सहज येतात. गोव्यातली तांबडी भाजी म्हणजे हाच लाल माठ, आणि नवख्यासाठी त्याहून खात्रीची पालेभाजी क्वचितच सापडेल.

भेंडी, गवार, काकडी, दोडका, कारले, दुधी यांना ऊब लागते. थंडीत भेंडीचे बी मातीत नुसते पडून राहते आणि बऱ्याचदा कुजते. म्हणून या भाज्या जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत किंवा जूनमध्ये पेराव्यात. मृग नक्षत्र लागले की दारातल्या मांडवाखाली काकडी आणि दोडक्याचे बी टोकण्याची गावाकडची पद्धत याच गरजेतून आलेली आहे. एप्रिल-मेच्या कडक उन्हात कोथिंबीर पेरण्याचा हट्ट नवख्याने धरू नये. त्या दिवसांत तिची उगवण विरळ होते आणि जे उगवते ते पाने धरण्याआधी फुलावर येते.

पहिल्या हंगामात चार भाज्या पुष्कळ झाल्या. मी मेथी, मुळा, कोथिंबीर आणि टोमॅटो सुचवेन. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते आणि महिन्याच्या आत जुडी हातात देते, त्यामुळे धीर येतो. मुळा जमिनीखाली काय चालते ते शिकवतो. कोथिंबीर वाट पाहायला लावते. आणि टोमॅटो रोपे तयार करण्याचे संपूर्ण काम शिकवतो.

बी विकत घेताना

बियांचे पाकीट घेताना पुढचे रंगीत चित्र पाहण्याआधी मागची बाजू वाचावी. बियाणे कायदा, १९६६ आणि त्याखालील नियमांनुसार पिकाचे आणि वाणाचे नाव, उगवणशक्तीची टक्केवारी, शुद्धता, चाचणीची तारीख आणि वापराची मुदत यांचा उल्लेख तिथे असावा लागतो. प्रमाणित बियाण्याला निळी खूणचिठ्ठी असते. घरगुती बागेसाठी मिळणारी छोटी पाकिटे मात्र बहुधा उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर माहिती छापलेली, म्हणजे सत्यतादर्शक असतात. टोमॅटो आणि वांग्याला किमान ७० टक्के, मिरचीला ६० टक्के आणि भेंडीला ६५ टक्के उगवण अपेक्षित असते. म्हणजे चांगल्या पाकिटातलेही प्रत्येक बी उगवेलच असे नाही, आणि दहांतली तीन उगवली नाहीत म्हणून आपला हात वाईट आहे असे समजण्याचे कारण नाही.

गुलाबी, निळा किंवा हिरवा रंग लावलेल्या बियांवर बहुधा बुरशीनाशकाची प्रक्रिया केलेली असते. त्या हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, पाकीट मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि उरलेले बी खाण्याच्या वस्तूंजवळ ठेवू नये. मेथी, धणे, मोहरी या स्वयंपाकघरातल्या डब्यातूनही पेरता येतात; फक्त वर्ष-दोन वर्षे डब्यात पडून असलेल्या धण्यांकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

वाणांच्या बाबतीत आपल्या कृषी विद्यापीठांनी मोठे काम केले आहे. परभणीच्या विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ ही भेंडी पाने पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला बरीच तोंड देणारी म्हणून ओळखली गेली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘धनश्री’ आणि ‘भाग्यश्री’ हे टोमॅटो, ‘हिमांगी’ ही काकडी आणि ‘फुले ग्रीन गोल्ड’ हे कारले, तसेच दापोलीच्या विद्यापीठाचे ‘कोकण तारा’ हे कारले आणि ‘कोकण भूषण’ हा वाल, हे सगळे आपल्याच हवामानात पारखलेले वाण आहेत. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठाच्या बियाणे विक्री केंद्रात चौकशी केल्यास असे सुधारित वाण मिळू शकतात. पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ लिहिलेले असेल तर पीक जोमदार येते, पण त्या फळांतले बी पुढच्या वर्षी पेरले तर तशीच झाडे मिळत नाहीत. ज्यांना घरचे बी धरायचे आहे त्यांनी सुरुवातीपासून सरळ, म्हणजे संकरित नसलेले, किंवा देशी वाण घ्यावेत.

पाकीट जुने असेल किंवा शंका असेल तर पेरण्याआधी परीक्षा घ्यावी. दहा बिया ओल्या सुती फडक्यावर ओळीत मांडून, फडके गुंडाळून, झाकणाच्या डब्यात उबदार जागी ठेवावे आणि रोज उघडून ओल पाहावी. मुळ्याला तीन-चार दिवस, टोमॅटोला आठवडा, मिरचीला दोन आठवड्यांपर्यंत मुदत द्यावी. सात रुजल्या तर थोड्या जास्त बिया पेराव्यात. तीनच रुजल्या तर नवे पाकीट आणावे. कांद्याचे बी जेमतेम वर्षभर टिकते, तर टोमॅटो आणि काकडीचे बी नीट ठेवल्यास तीन-चार वर्षे चांगले राहते.

माती आणि कुंड्या

गच्चीवर किंवा सज्जात बाग करणाऱ्याने आधी ऊन मोजावे. सकाळी, दुपारी आणि चार वाजता जाऊन त्या जागेवर थेट ऊन पडते का ते पाहावे. पालेभाज्या चार तासांच्या उन्हावर भागवून नेतात. टोमॅटो, वांगी, भेंडी यांना किमान सहा तास हवेतच. त्याहून कमी उन्हात फुले येतात, पण फळे फारशी धरत नाहीत.

मेथी, कोथिंबीर, माठ यांना सहा इंच खोली पुरते, त्यामुळे फळांचे उथळ क्रेट किंवा रिकामे थर्माकोलचे खोकेही चालतात. मुळ्याला फूटभर खोली हवी. टोमॅटो आणि वांग्याला प्रत्येक झाडामागे १५ ते २० लिटर मातीची बादली द्यावी. रंगाचे रिकामे डबे स्वच्छ धुऊन त्यासाठी उत्तम काम देतात. तळाला बोट जाईल एवढी पाच-सहा भोके पाडावीत आणि डबा दोन विटांवर ठेवावा, म्हणजे पाणी तुंबत नाही. ओल्या मातीने भरलेली २० लिटरची बादली २५ किलोच्या आसपास भरते, म्हणून गच्चीवर सगळे वजन मधोमध न ठेवता कठड्यालगत आणि तुळयांच्या रेषेवर वाटून ठेवावे.

मिश्रणासाठी दोन भाग चाळलेली माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, हे प्रमाण बहुतेक भाज्यांना चालते. कोकोपीटची वीट भिजवून एक-दोन पाण्यांनी धुवावी, कारण त्यात क्षार असू शकतात. पठारावरची काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. तिच्यात खत आणि कोकोपीट जास्त घालावे व थोडी जाड वाळू मिसळावी. कोकणातली तांबडी माती उलट वागते. पाणी चटकन सोडून देते, म्हणून तिला सेंद्रिय खत अधिक लागते.

शेणखताबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. ते हातात घेतल्यावर चहाच्या चोथ्यासारखे मोकळे, काळपट असावे आणि पावसाने भिजलेल्या मातीचा वास यावा. शेणाचा वास येत असेल, ढेकळे ओली आणि कोमट लागत असतील, तर ते कच्चे आहे. कच्च्या खतात उष्णता असते, कोवळी मुळे तिने करपतात, आणि बऱ्याचदा त्यातूनच हुमणीच्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या कुंडीत येतात व मुळे कुरतडतात. असे खत दोन-तीन महिने सावलीत, ओलसर झाकून ठेवावे आणि मगच वापरावे.

थेट पेरायच्या भाज्या

मुळा, गाजर, मेथी, कोथिंबीर, पालक, भेंडी, गवार आणि सगळे वेल जागेवरच पेरावेत. मुळ्या-गाजराचे सोटमूळ हलवले की ते फाटे फोडते, आणि वेलांच्या मुळांना ढवळाढवळ सोसत नाही.

पेरणीच्या आदल्या दिवशी कुंडी भरून भरपूर पाणी द्यावे आणि ते निचरू द्यावे. दुसऱ्या दिवशी वाफसा आला की काडीने चार इंचांवर रेघा ओढाव्यात. बी किती खोल पेरावे याचा साधा नियम असा, की बियाच्या जाडीच्या दुप्पट ते तिप्पट माती त्याच्यावर असावी. मेथी अर्ध्या सेंटिमीटरवर, मुळा एक सेंटिमीटरवर, भेंडी दोन सेंटिमीटरवर. माठाचे बी राळ्याहूनही बारीक असते. ते मूठभर बारीक वाळूत मिसळून रेघेत भुरभुरावे आणि वरून चाळलेल्या खताचा जेमतेम एक पदर द्यावा. फेकून पेरण्याची पद्धत सोपी दिसते, पण नवख्याने ओळीतच पेरावे, कारण ओळीत उगवलेली भाजी कोणती आणि मधूनच आलेले तण कोणते हे तेव्हाच कळते.

धण्याचा एक दाणा म्हणजे खरे तर दोन बिया चिकटलेले फळ असते. धणे सपाट जागेवर पसरून वाटीच्या बुडाने हलके रगडले की त्यांची दोन फाके होतात. पीठ होता कामा नये, फक्त फाके सुटली पाहिजेत. ती दहा-बारा तास पाण्यात भिजवून, फडक्यावर निथळून पेरावीत. तरीही कोथिंबीर आठ ते बारा दिवसांनीच दिसते, आणि या काळात निराश होऊन कुंडी उकरून पाहणारे पुष्कळ असतात, ते टाळावे. भेंडीचे कवच कठीण असते, म्हणून ती रात्रभर कोमट पाण्यात भिजवावी आणि फूटभर अंतरावर एका ठिकाणी दोन बिया टोकाव्यात.

पेरल्यावर माती तळव्याने हलके दाबावी, बारीक छिद्रांच्या झारीने पाणी शिंपडावे आणि वर ओले गोणपाट किंवा जुने सुती कापड टाकावे. ते ओल टिकवते आणि मुंग्या व चिमण्यांपासून बी राखते. मात्र रोज सकाळी त्याचा कोपरा उचलून पाहावे, आणि पहिला कोंब दिसला त्याच दिवशी गोणपाट काढावे. एक दिवसाचा आळस झाला तरी कोंब घटातल्या धान्यासारखे पिवळे आणि लांब होतात.

दाट उगवल्यावर विरळणी करणे जिवावर येते, हे मी समजू शकतो. पण दोन मुळ्यांमध्ये तीन-चार इंच जागा ठेवली नाही, तर पाला मिळेल, मुळा मिळणार नाही. काढलेली कोवळी मुळ्याची आणि मेथीची रोपे कोशिंबिरीत घालावीत. त्यांची चव बाजारातल्या भाजीला नसते.

रोपे करून लावायच्या भाज्या

टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, फ्लॉवर आणि कांदा यांची आधी रोपे करावी लागतात. त्यांचे बी बारीक आणि रोप नाजूक असते, आणि पहिला महिना त्यांना हाताखाली, डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे जाते.

मी पहिल्या वर्षी टोमॅटोचे अख्खे पाकीट एका उथळ ट्रेमध्ये पेरले होते. उगवण इतकी चांगली झाली की ट्रे हिरव्या मखमलीसारखा दिसू लागला, आणि मी प्रेमाने दिवसातून तीनदा पाणी घालत राहिलो. बाराव्या दिवशी सकाळी पाहिले तर एका कोपऱ्यातली रोपे आडवी झोपली होती. एक उचलून पाहिले. पाने अजून हिरवी आणि टवटवीत होती, पण देठ मातीला टेकतो त्या ठिकाणी दोऱ्यासारखा बारीक, तपकिरी आणि पाणचट झाला होता. संध्याकाळपर्यंत ते वर्तुळ अर्ध्या ट्रेवर पसरले आणि तिसऱ्या दिवशी माती उघडी पडली. याला रोपांची मर किंवा रोप कोलमडणे म्हणतात. मातीतल्या बुरशी ती घडवतात, आणि दाटी, सतत ओली माती व कोंडलेली हवा या तिन्ही गोष्टी त्यांना हव्या असतात. मी तिन्ही पुरवल्या होत्या.

त्यानंतर मी जी पद्धत धरली ती अशी. कागदी पेले, तळाला भोक पाडलेल्या करवंट्या किंवा रोपवाटिकेत वापरतात ते खाचांचे प्रोट्रे घ्यावेत. त्यांत माती न भरता निम्मे कोकोपीट आणि निम्मे चाळलेले गांडूळखत भरावे. चमचाभर ट्रायकोडर्मा पावडर या मिश्रणात कालवावी. ही उपयोगी बुरशी रोपे मारणाऱ्या बुरशींना आवर घालते आणि कृषी सेवा केंद्रात सहज मिळते. प्रत्येक पेल्यात दोन बिया अर्ध्या सेंटिमीटरवर ठेवाव्यात. दोन्ही उगवल्यास दुबळे रोप उपटू नये, कात्रीने कापावे, म्हणजे शेजारच्याची मुळे दुखावत नाहीत.

पाणी फक्त सकाळी द्यावे. त्याआधी पेला उचलून पाहावा. जड लागला तर त्या दिवशी पाणी नको. हे वजन दोन-तीन दिवसांत हाताच्या लक्षात राहते आणि मग मूठ दाबून पाहण्याचीही गरज उरत नाही. पेल्याच्या वरच्या पदरावर हिरवट शेवाळ दिसू लागले तर पाणी जास्त होते आहे असे खुशाल समजावे.

आधी उघडणारी दोन गुळगुळीत पाने ही बीजपत्रे असतात. बियातला अन्नसाठा त्यांत असतो आणि त्यांचा आकार त्या भाजीच्या पानासारखा नसतो. त्यानंतर मधून जे कातरलेले, चुरगळल्यावर टोमॅटोचा वास देणारे पान येते ते पहिले खरे पान. ते दिसल्यावर रोपे हळूहळू उन्हात आणावीत. आधी सकाळचे दोन तास, मग चार, आणि आठवडाभरात पूर्ण ऊन. घरातल्या सावलीतून एकदम दुपारच्या उन्हात ठेवलेल्या रोपांची पाने पांढरी पडून करपतात. रोप किडकिडीत होऊन खिडकीकडे वाकत असेल तर त्याला खत नको, प्रकाश हवा आहे.

टोमॅटोचे रोप २५ ते ३० दिवसांचे, वांग्याचे ३० ते ३५ आणि मिरचीचे ३५ ते ४५ दिवसांचे झाले, पेन्सिलीच्या शिसाएवढा किंवा थोडा जाड देठ आणि चार-पाच खरी पाने आली, की ते कायमच्या जागी लावावे. ही लावणी संध्याकाळी करावी, म्हणजे रोपाला सावरायला रात्र मिळते. पेल्यातून रोप काढताना देठ धरू नये. पेला उलटा करून मुळांचा गड्डा तळहातावर घ्यावा. टोमॅटोच्या देठालाही मुळे फुटतात, म्हणून त्याचे रोप बीजपत्रांपर्यंत, हवे तर त्याहूनही खोल पुरावे. वांगी आणि मिरची मात्र पेल्यात होती तितक्याच खोलीवर लावावीत. टोमॅटोला लागणारी काठी त्याच वेळी खोचावी. महिन्याने खोचली तर तीच मुळे तोडते.

पुढची निगा

लावणीनंतर मातीवर वाळलेला पाला, उसाचे पाचट किंवा नारळाच्या शेंड्या यांचे दोन इंचांचे आच्छादन द्यावे. पाणी कमी लागते आणि तण दबते. पाणी नियमित द्यावे. एक दिवस कोरडे आणि दुसऱ्या दिवशी पूर असे झाले तर टोमॅटोच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो. तो रोग नसून, पाणी अनियमित झाल्यामुळे फळाला चुना पुरेसा न पोहोचल्याची खूण असते. दर पंधरा-वीस दिवसांनी झाडाभोवती मूठभर गांडूळखत घालून वरची माती खुरप्याने हलकी मोकळी करावी. हिरवेगार वाढलेले, पण फुले नसलेले टोमॅटोचे झाड दिसले तर खत थांबवावे.

कोवळ्या शेंड्यांवर मावा ही बारीक हिरवी-काळी कीड दिसली तर सुरुवातीला पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढणे पुरते. त्याहून जास्त असेल तर निंबोळी अर्क करावा. वाळलेल्या निंबोळ्यांची ५० ग्रॅम भरड फडक्यात बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी पिळून गाळावी, साबणाचा थोडा चुरा विरघळवावा आणि त्याच दिवशी संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारावे. पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा काढणारी नागअळी असेल तर ती पाने तोडून टाकावीत. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्याधमक पडल्या तर तो पांढऱ्या माशीने पसरवलेला केवडा असतो. त्या झाडावर औषध चालत नाही, ते उपटून बागेबाहेर न्यावे.

वेल फुलू लागल्यावर पहिल्या दहा-पंधरा दिवसांतली फुले गळतात, तेव्हा घाबरू नये. ती बहुधा नर फुले असतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ दिसते, आणि ती थोडी उशिराने येतात. गच्चीवर मधमाश्या कमी फिरकत असतील तर नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, त्यातले पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलके टेकवावेत. काकडी, कारले आणि भोपळ्यासाठी हे काम सकाळी करावे. दुधी आणि दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, म्हणून त्यांच्यासाठी दिवेलागणीची वेळ.

तोडणी आणि घरचे बी

मेथी २५ ते ३० दिवसांत, मुळा ४० ते ४५ दिवसांत आणि कोथिंबीर सुमारे ४० दिवसांत काढायला येते. मेथी मुळांसकट न उपटता दोन बोटे वर कापली तर आणखी एक कापणी मिळू शकते. भेंडी पेरणीपासून ४५ ते ५० दिवसांत सुरू होते, आणि मग एक दिवसाआड तोडावीच लागते. टोक बोटाने कट्‌कन मोडले तर ती कोवळी, वाकून राहिली तर जून. जून भेंडी झाडावर राहू दिली की झाड नवी फुले धरणे कमी करते, म्हणून भाजीला उपयोग नसला तरी ती तोडावी. टोमॅटो लावणीपासून दोन ते अडीच महिन्यांनी लागतो आणि रंग बदलू लागल्यावर तोडला तरी घरात पिकतो.

बी धरायचे असेल तर सर्वांत चांगल्या झाडाचे फळ राखून ठेवावे. खाऊन उरलेले फळ बियाला ठेवू नये. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवड्यापासून अनेक पिकांचे देशी वाण अशा घरगुती निवडीतून सांभाळले आणि त्यासाठी त्यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. नवख्याने टोमॅटो, वाल, घेवडा, चवळी यांपासून सुरुवात करावी, कारण त्यांची फुले बहुधा स्वतःच्याच परागाने फळतात आणि वाण सहसा बिघडत नाही. काकडी, दुधी, मुळा यांच्यात शेजारच्या वाणाचा पराग सहज मिसळतो.

टोमॅटो झाडावर पूर्ण लाल, मऊ होऊ द्यावा. मग गर आणि बिया वाटीत काढून, थोडे पाणी घालून दोन दिवस झाकून ठेवाव्यात. वर फेस येतो आणि बियाभोवतालचे बुळबुळीत आवरण सुटते. चांगल्या बिया तळाशी बसतात. वर तरंगणाऱ्या ओतून द्याव्यात. उरलेल्या तीन-चार पाण्यांनी धुऊन, ताटलीत पसरून सावलीत आठवडाभर वाळवाव्यात. कागदावर पसरू नयेत, त्या चिकटतात. नखाने वाकवल्यावर न वाकणाऱ्या, खडखडीत बिया कोरड्या काचेच्या बाटलीत, चमचाभर चाळलेली चुलीची राख मिसळून, वाणाचे नाव आणि महिना लिहिलेल्या चिठ्ठीसह अंधाऱ्या, थंड फळीवर ठेवाव्यात. पुढच्या घटस्थापनेला त्यांतल्या दहा ओल्या फडक्यात गुंडाळाव्यात. आठवड्याने आठ रुजलेल्या दिसल्या तर त्या वर्षी टोमॅटोचे पाकीट विकत आणावे लागणार नाही.